मायचा अंगठा

आमच्या गावच्या कंट्रोलच्या दुकानात गेलं की आधी तांदूळ दिसत नाही, खोबरेल तेलाची बाटली दिसते. निळी, चपटी, झाकण कधीचंच हरवलेलं. शेजारी एक ओलं फडकं आणि फडक्याला लागून ते मशीन. दुकानात रेंज येत नाही म्हणून हा सगळा संसार बाहेर ओसरीवर, निंबाच्या सावलीत मांडलेला असतो. आत पोती, बाहेर मशीन आणि दोन्हींच्या मधे बायांची रांग.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे आमचं गाव. मी अमरावतीला राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. माय गावातच दादा-वैनीजवळ असते, पण बाबा गेल्यावर तिचं राशनकार्ड वेगळं झालं. कार्डावर एकच नाव, महिन्याला पाच किलो धान्य. दिवाळीत मी गेले की ती मला दुकानात सोबत नेते. म्हणते, "तू असली की थो नीट पायते." थो म्हणजे दुकानदार की मशीन, हे मी कधी विचारलं नाही.

रांगेत लागायच्या आधी ती हापशीवर जाते. बोटं धुते, पदराला पुसते, पुन्हा बघते. तिची पाळी आली की अंगठा काचेवर ठेवते. खालून लाल उजेड येतो आणि नखापर्यंत अंगठा लाल दिसतो.

"मोठीमाय, कोरडं हाय बोट. डोकस्यावर घासा."

माय भांगाशेजारी अंगठा घासते. केसांतलं तेल बोटाला लागलं की मशीनला बरं दिसतं, हे आता लहान पोरांनाही माहीत आहे.

"दाबून ठेवा. हालवू नका. हालवू नका म्हंतो ना... तीनशे."

तीनशे म्हणजे रुपये नव्हेत. अंगठा जुळला नाही की मशीनवर चूक दाखवणारा जो आकडा येतो, तो ३००. आधी हा आकडा फक्त दुकानदाराला कळायचा, मग रांगेला कळायला लागला आणि आता तो गावच्या बोलीतच शिरला आहे. मुलगी बघायला आलेले लोक घरी जाऊन गप्प बसले की आमच्याकडे म्हणतात, तीनशे आलं वाटते.

मायचं त्या दिवशी पाच वेळा तीनशे आलं. उजवा अंगठा, डावा अंगठा, उजवीकडची तर्जनी, तेल, ओलं फडकं, पुन्हा अंगठा. मागच्या बाया शांत होत्या, कारण त्यांनाही त्याच काचेला बोट लावायचं होतं. शेवटी माय दुकानदाराला म्हणाली, "मी जित्ती हावो का मेली, हे तरी इचार त्याले." सगळे हसले. दुकानदार हसला आणि म्हणाला, "उद्या येजा." उद्या कापसाचा वेचा होता.

आमच्या लाकडी पेटीत आज्याच्या वेळचा एक कागद आहे. तीनदा घडी घातलेला, घड्यांवर फाटायला आलेला. मजकूर सावकाराच्या माणसाच्या हातचा आणि खाली जांभळ्या शाईचा एक डाग. डागाशेजारी लिहिलंय, "निशाणी डाव्या हाताचा अंगठा". आज्जा सांगायचा की अंगठा त्यानं लावलाच नव्हता. सावकारानंच त्याचं मनगट धरलं, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर लोळवला. कागदात काय लिहिलंय ते आज्ज्याला पुढं वावर गेल्यावर कळलं. सात एकरांतलं तीन उरलं. तेच आमचं अजूनचं कोरडवाहू.

त्याही आधीच्या काळात, पेशवाईतल्या कागदांवर, कुणबी-पाटलाच्या नावापुढं सहीच्या जागी नांगर काढलेला असायचा. निशाणी नांगर. मला ही पद्धत फार आवडते. लिहिता येत नाही तर न येवो, पण मी काय करतो ते कागदावर दिसलं पाहिजे. नांगराच्या जागी अंगठा आला तेव्हा माणसाचं काम कागदावरून गेलं आणि नुसतं कातडं उरलं.

हे अंगठ्याचं शास्त्र उगवलं तेही आपल्याच देशात. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचा करार करताना त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. ओळख पटवण्यासाठी नव्हे, तर कोनाईला जरा धाक बसावा आणि उद्या त्यानं "ही सही माझी नव्हेच" म्हणू नये, म्हणून. हर्शेलनं स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. पुढं १८७७ मध्ये हुगळीला त्यानं पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे म्हातारा वारल्यावर दुसऱ्याच कुणी त्याची पेन्शन उचलू नये. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं, ते जगातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. हजारो ठशांतून नेमका एक शोधायची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा हात होता. नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं लागलं. नावं शोधून काढण्याचं शास्त्र उभं केलं आणि स्वतःचीच नावं मागं राहिली.

गंमत म्हणजे ठशांच्या जाती आमच्या आजीला शाळेत न जाताच माहीत होत्या. बाळाला न्हाऊ घातलं की ती त्याची बोटं उजेडात धरून शंख किती, चक्रं किती ते मोजायची. चक्र म्हणजे गोल फिरलेल्या रेषा, शंख म्हणजे एका बाजूला वळून परत गेलेल्या. दहाही बोटांवर चक्रं असली की पोरगं राजा होणार. कलकत्त्याच्या त्या कार्यालयात कागद लावायचे तेही मुळात ह्याच भेदावर. माझ्या बोटांवर चार चक्रं निघाली होती. आजी म्हणाली होती, चारात कारकून होते. (हे बहुधा मी नोकरीला लागल्यानंतर घरच्यांनी तिच्या तोंडी घातलं असावं.)

आता मायच्या सहीबद्दल सांगते.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन निघालं. आमच्या गावात त्याचं वारं पोचलं ते नव्वदीच्या सुरुवातीला. रात्री स्वयंपाक-जेवण आटोपलं की शाळेच्या ओसरीवर बायांचा वर्ग भरायचा. शिकवायला गावातलाच बारावी झालेला एक पोरगा, जो दिवसा सासवांना मामी-मोठीमाय म्हणायचा आणि रात्री त्यांना पाटी दाखवायला लावायचा. कंदिलाभोवती किडे. बायका लाजून हसायच्या, एखादी पेंगायची. माय तेव्हा पस्तिशीच्या आसपास असेल. मी चौथीत होते.

त्याआधीची एक गोष्ट मला सांगायलाच हवी. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागायची. बाबा बहुतेक वावरात किंवा दारव्ह्याच्या जिनिंगात. म्हणून माय अंगठा द्यायची. तो जांभळा अंगठा पसरायचा आणि शेजारच्या गुणांच्या रकान्यात जायचा. वर्गात प्रगतिपुस्तकं परत देताना मी ते पान मिटून धरायची. शेजारच्या पोरीच्या पुस्तकावर तिच्या वडलांची लफ्फेदार सही असे आणि माझ्यावर हा डाग. "अंगठेबहाद्दर" हा शब्द गुरुजी एखाद्या ढ पोराला शिवी म्हणून वापरायचे तेव्हा मला वाटायचं, ते माझ्याकडंच बघतायत. एकदा मी तिसऱ्या तिमाहीचं पुस्तक घरी दाखवलंच नाही, खालचा अंगठा स्वतःच उमटवला. कुणाला कळलं नाही. आजच्या मशीननं मला त्याच क्षणी पकडलं असतं.

माय नाव लिहायला शिकली ती चुलीपुढं. राख पसरायची, काडीनं रेघ मारायची. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे. तिथं तिचा हात दर वेळी अडायचा. अर्धं अक्षर म्हणजे काय, ते काही केल्या तिला पटेना. "अर्धं हाय तं लिवाच कायले?" मी माझ्या मास्तरकीत तिच्यावर ओरडायची. वर्ग चार-सहा महिने चालला आणि पेरणीच्या दिवसांत मोडला, पण तिची सही टिकली. पुढच्या प्रगतिपुस्तकावर तिनं ती केली. तव्यावरची भाकर करपेपर्यंत तिचं लिहिणं चाललं होतं. त्या दिवशीची करपलेली भाकर बाबांनी काही न बोलता खाल्ली.

तेव्हापासून तिची एक वही असते. शंभरपानी, दोरीनं खिळ्याला टांगलेली. वेचाचे किलो, दूध, उसने आणलेले पैसे, बचत गटाचा हप्ता, सगळं त्यात. आकडे ती झरझर लिहिते, शब्द मोजकेच, आणि पानाखाली सही. त्या वहीला कुणी सही मागत नाही. बचत गटाच्या बैठकीला ती घरून पेन घेऊन जायची. कुणी शाईचा पॅड पुढं सरकवला की तो दोन बोटांनी परत ढकलायची. ते ढकलणं मी पाहिलंय.

आणि मग वीसेक वर्षांनी अंगठा परत आला. चांगले कपडे घालून, इंग्रजी नाव घेऊन. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड रंजना सोनवणे यांना दिलं गेलं. बारा आकडे, दहा बोटं, दोन डोळे, एक फोटो. आमच्याकडं शाळेत कॅम्प लागला तेव्हा माय ठेवणीतलं लुगडं नेसून गेली होती. दहा बोटांना एवढा वेळ लागला की मशीनवरच्या पोरानं तिचा पंजा वरून दाबून धरला. घरी आल्यावर ती म्हणाली, "पयले सावकारानं धरला होता, आता सरकारनं धरला." पण रागानं नाही म्हणाली. तिला तो लॅमिनेट केलेला कागद आवडला होता.

आता बँकेत, सेतू केंद्रात, खताच्या दुकानात, सगळीकडं थम. लाडक्या बहिणीचे पंधराशे गावातल्या गावात काढायचे तरी थम. एकदा तिनं एका काउंटरवर म्हटलं, "मले सही येते." समोरचा पोरगा पंचविशीतला. त्याला खरंच कळेना, ही बाई काय सांगते आहे. म्हणाला, "सही नको काकू, थम द्या." एके काळी अंगठा देणारा अडाणी ठरायचा. आता सही येते म्हणणारीनं अडाण्यासारखं तोंड करून उभं राहायचं.

आमच्या ऑफिसातही थम आहे. हजेरीचा. माझा अंगठा पहिल्याच झटक्यात जातो, नऊ सत्तावन्नला असो की दहा चारला. एकवीस वर्षं फायली चाळणारा आणि बटणं दाबणारा अंगठा आहे तो. मला कधी तेल लागलं नाही.

मायचा का जात नाही, ते मी एका दिवाळीत तिच्या मागं पऱ्हाटीत उभी राहून मोजलं.

कापसाचं बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून कडक होतात आणि प्रत्येक पाकळीला टोक येतं, सुईसारखं. त्या चार-पाच टोकांच्या मधे कापूस असतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट आत घालायचं, मुळाशी धरायचं आणि एका ओढीत चारही पाकळ्यांतला कापूस काढायचा, कचरा न येता. दोन्ही हातांनी, दोन वेगवेगळ्या झाडांवर, न बघता. कापूस कमरेच्या ओटीत. मी दोन ओळी वेचल्या तर नखांच्या कडेनं रक्त आलं. माय तोवर धुऱ्यापर्यंत जाऊन परत वळली होती.

एका बोंडात चार ग्रॅमच्या आसपास कापूस धरा. चांगला वेच म्हणजे दिवसाला चाळीस किलो. म्हणजे दहा हजार बोंडं. दोन हातांत वाटली तरी दिवसाला पाच-पाच हजार वेळा प्रत्येक हाताची तीच तीन बोटं त्याच टोकांमधे जातात. दसऱ्याच्या सुमारास सुरू होतं ते संक्रांतीपर्यंत, आणि फरदड ठेवली, म्हणजे तीच पऱ्हाटी न उपटता पुढं राखली, तर त्याच्याही पुढं. त्याच्या आधी खुरपं आणि निंदण. सोयाबीन सोंगताना वाळल्या शेंगा तळहातात घुसतात. युरिया मुठीनं फेकायचा. आणि हरभरा. हरभऱ्याच्या झाडावर जी आंब असते ती पहाटे फडक्यानं टिपून पोटदुखीला ठेवतात, इतकी ती तेज. तीच आंब उपटणीच्या दिवसांत बोटांच्या भेगांत जाते. संध्याकाळी मायला वरणात बोट बुडवता येत नाही.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत. जुळ्यांच्याही सारख्या नसतात, आणि मरेपर्यंत बदलत नाहीत, असं त्या शास्त्राचं म्हणणं. ते खरंच आहे. पण ते शास्त्र रेषा बदलण्याबद्दल बोलतं. झिजण्याचा हिशेब वावरातच होतो.

मायच्या अंगठ्याचा मी मोबाइलवर जवळून फोटो काढला होता. चक्र आहे की शंख, कळत नाही. मधोमध गुळगुळीत, ताटाच्या बुडासारखं. कडेला आडव्या-उभ्या चिरा, त्यात मातीचा काळा रंग बसलेला. नखाच्या बाजूला पिवळा घट्टा. आजी असती तर तिलाही काही वाचता आलं नसतं.

कापूस वेचणारी यंत्रं जगात नाहीत असं नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ती शेतात उतरली आणि वेचणारी माणसं हळूहळू शेतातून गेली. आपल्याकडची पऱ्हाटी झुडपासारखी पसरते, बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचे करावे लागतात आणि वावरं दोन-तीन एकरांची. त्या यंत्राला हे परवडत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत यावर काम होत आलंय, बुटकी, जवळजवळ लावायची, एकदम फुटणारी पऱ्हाटी वगैरे. आमच्या धुऱ्यापर्यंत अजून काही आलेलं नाही. वेचणारं मशीन आलं नाही. वेचणारीचा अंगठा तपासणारं मात्र आलं.

हे वाक्य मी एकदा ऑफिसात जेवताना म्हटलं आणि सगळ्यांना ते आवडलं. मग मीच घरी जाऊन ते मायला ऐकवलं. तिला नाही आवडलं.

ती म्हणाली, "मशीन नव्हतं तवा काय व्हतं, इसरली का तू?"

विसरले नव्हते, पण बाजूला ठेवलं होतं. तेव्हा दुकान महिन्यातून दोनच दिवस उघडायचं आणि कधी ते कुणाला ठाऊक नसायचं. "साखर संपली", "रॉकेल आलंच नाही". रजिस्टरवर आमच्या नावापुढं पूर्ण धान्य आणि अंगठा, घरात अर्धं. आज्जा गेल्यावरही त्याच्या नावाचं धान्य चार वर्षं कुणीतरी नेत होतं. रजिस्टरवर आज्ज्याचा अंगठाही उमटत होता, दर महिन्याला, न चुकता. मेलेल्या माणसाचा अंगठा कधी कोरडा पडत नाही. हुगळीच्या त्या साहेबाला जी भीती होती ती आमच्या गावात सव्वाशे वर्षांनी जशीच्या तशी नांदत होती. भाऊबंदकीच्या गावात बोलणार कोण? आता दुकानदार बदलला, धान्याचा मेसेज येतो, पावतीवर किलो छापलेले असतात. मायला ती पावती वाचता येते. "याले चोरता येत नाई," ती मशीनबद्दल म्हणाली, "फकस्त दिसत नाई."

मग मी वाद घातला नाही. पण मला एक गोष्ट तेव्हापासून सुचत राहिली आहे. पूर्वी चोरी दुकानदाराची होती आणि ती त्यानं लपवायची होती. आता चोर नसल्याचं मायनं सिद्ध करायचं, दर महिन्याला, तेल लावून. लबाडी गेली हे चांगलंच झालं. पण ती जावी म्हणून जो खटाटोप लागतो तो सगळा लबाडी न केलेल्या माणसाच्या वाट्याला आला. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या सप्टेंबरात आधारवर निकाल दिला तेव्हा अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचा हक्काचा लाभ थांबू नये, हेही त्यात होतं. आमच्या ओसरीवर ते असं पोचलं: मोबाइलवर ओटीपी मागवा. मायच्या नावाला जोडलेला नंबर दादाच्या जुन्या सिमचा होता. ते सिम रिचार्ज न केल्यानं कधीच बंद पडलं होतं. तो नंबर आता कुण्या अनोळखी माणसाकडं असेल, आणि त्याला अधूनमधून मायच्या तांदळाचा ओटीपी जात असेल.

वाट काढली ती सेतू केंद्रातल्या एका पोरीनं. कोणतं बोट मशीनला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते तपासायची सोय असते. तिनं मायची दहाही बोटं एकेक करून लावली. निघालं डाव्या हाताचं करंगळीशेजारचं. बरोबरच आहे, वेचताना ते बोट बोंडाला लागत नाही, मुठीत मागं दुमडलेलं असतं. घरातलं सगळ्यात कमी काम करणारं बोट. पोरीनं वहीत लिहून दिलं: डावा हात, अनामिका. मायनं मला विचारलं, "अनामिका म्हंजे?"

मी म्हटलं, ज्याला नाव नाही ते.

ती बोटाकडं बघून एवढी हसली की दुकानातले लोक वळून बघायला लागले. दहा बोटांत जिला नाव नाही तीच एक मायचं नाव सांगते.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात पांदणीत घसरून तिच्या पायाचा घोटा मोडला. प्लास्टर. मी तिला अमरावतीला घेऊन आले. वेचाच्या ऐन दिवसांत ती माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे पलंगावर पाय लांब करून बसली होती. पहिला आठवडा ती दर तासाला दादाला फोन करून विचारायची, किती झाला, कोण-कोण आलं, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी ठेवली का. मग लसूण सोलायला लागली. सोललेला लसूण घरात इतका झाला की शेजारी वाटला. जिवाला करमेना म्हणून माझे जुने स्वेटर उसवून ठेवले. अडीच महिने हातांना बोंड नाही, खुरपं नाही, राख नाही. आंघोळीला गरम पाणी, वर माझं क्रीम, जे ती आधी "वंगण" म्हणायची आणि नंतर गुपचूप लावायची.

कातडीचा वरचा थर महिनाभरात नवा येतो आणि रेषांचा साचा खालच्या थरात शाबूत असतो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की तिचे हात पांढरे होत चालले होते. एका दुपारी ती खिडकीत अंगठा धरून बसली होती. मला बोलावून म्हणाली, "पाय व, चक्र हाय."

होतं. बारीक, गोल, पोरीच्या बोटावर असावं तसं.

संक्रांतीला तिला गावी सोडायला गेले. काठी टेकत दुकानात आली. दुकानदार सवयीनं तेलाची बाटली पुढं करणार, तोच तिनं अंगठा ठेवला. लाल उजेड, आणि पावती बाहेर. पहिल्या झटक्यात. रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या, दुकानदार म्हणाला, "मोठीमाय, नवा आंगठा आणला का अमरावतीवून?"

माय हसली नाही. पाच किलो पिशवीत घेताना पुटपुटली, "बसून खाल्लं तवा वयखलं."

घरी येताना ती गप्प होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, बरं झालं ना. ती म्हणाली, "यंदाचा वेचा गेला ना पन." काठी न टेकता ती दोन पावलं पुढं गेली आणि पुन्हा टेकली.

घोटा जुळला. पुढच्या निंदणाला ती बसून-बसून का होईना वावरात होती. दादा ओरडला, मी फोनवर ओरडले, काही उपयोग झाला नाही. या दिवाळीत मी गेले तेव्हा वेचा सुरू होता आणि आम्ही पुन्हा त्याच ओसरीवर उभ्या होतो. आता म्हणे चेहरा दाखवूनही होतं, मोबाइलमधे बघून डोळे मिचकवायचे. दुकानदारानं विचारलं, चेहरा करू का? माय म्हणाली, नको, मोतीबिंदू हाय, त्याचंबी तीनशे येईन. मग कुणी न सांगता तिनं तेलाच्या बाटलीत डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट बुडवलं, फडक्याला टेकवलं आणि काचेवर ठेवलं. दुसऱ्यांदा लागलं.

घरी आल्यावर तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि खिळ्याची वही काढली. तांदूळ ३, गहू २, तारीख. मग लिहायचं थांबली. बोटाला अजून तेल होतं. ते तिनं पदराला नीट पुसलं, दोनदा, म्हणजे कागदावर डाग पडायला नको. आणि खाली सही करायला लागली. जोडाक्षराशी आली तेव्हा पेन थांबला. मी काही बोलले नाही. चुलीवर भाकर होती, ती मी उलटवली.